स्वतंत्र घटनांची संभाव्यता: गुणाकाराआधीचा प्रश्न

एक घटना घडली काय किंवा न घडली काय, तिच्यामुळे दुसऱ्या घटनेच्या संभाव्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर गणितात त्या दोन घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. अशा दोन्ही घटना घडण्याची संभाव्यता काढण्याचा नियम एका ओळीत मावतो: दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा. अपूर्णांकांचा गुणाकार येणाऱ्या कोणालाही हा नियम वापरता येतो. तरीही तो भलत्या जागी वापरल्यामुळे निरपराध माणसांना तुरुंगवास घडला आहे आणि तो न समजल्यामुळे जुगाराच्या टेबलावर मोठमोठ्या रकमा बुडाल्या आहेत. गुणाकार सोपाच असतो; कस लागतो तो गुणाकार करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हे ठरवताना.

गुणाकार कशासाठी?

एक नाणे आणि एक फासा एकदम टाकला, तर काय काय घडू शकते? छाप्याबरोबर १ ते ६ पैकी कोणताही अंक येईल, किंवा काट्याबरोबर १ ते ६ पैकी कोणताही अंक येईल. म्हणजे एकूण १२ निष्पत्ती. शालेय पुस्तकांत या सर्व निष्पत्तींच्या संचाला नमुना अवकाश म्हणतात. नाणे आणि फासा दोन्ही खोटे नसतील, तर या बाराही निष्पत्ती समसंभाव्य असतात. त्यांपैकी ‘छापा आणि पाच’ ही निष्पत्ती एकच, म्हणून तिची संभाव्यता १/१२.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही मिळते. नाणे आणि फासा १,२०० वेळा टाकला, तर सुमारे ६०० वेळा छापा पडेल. फाशाला नाण्याची खबर नसल्यामुळे या ६०० फेकींपैकीही सुमारे एक षष्ठांश, म्हणजे १०० फेकींत पाच पडेल. अर्ध्याचा सहावा हिस्सा म्हणजे १/२ × १/६ = १/१२. गुणाकार येतो तो इथून. पहिली घटना घडलेल्या भागातून दुसरी घटना आपला हिस्सा उचलते, आणि घटना स्वतंत्र असल्यामुळे तो हिस्सा एरवी असतो तेवढाच राहतो. सूत्रात मांडायचे तर: सं(अ आणि ब) = सं(अ) × सं(ब).

घटना दोनपेक्षा जास्त असल्या तरी रीत हीच. नाणे लागोपाठ दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडण्याची संभाव्यता १/२ चा दहा वेळा गुणाकार, म्हणजे १/१०२४.

हा नियम जुगाराच्या अभ्यासातून घडत गेला. इटलीतील वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो यांनी सोळाव्या शतकात फाशांच्या खेळांवर पुस्तक लिहिले. ते छापले गेले त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. अब्राहम द मोआव्र यांनी १७१८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुणाकाराचा नियम पद्धतशीर वापरला. रशियन गणिती आंद्रेय कोल्मोगोरोव यांनी १९३३ मध्ये संभाव्यताशास्त्राला स्वयंसिद्धांचा पाया दिला, आणि वरील सूत्र हीच स्वतंत्रतेची व्याख्या म्हणून रूढ झाली.

स्वतंत्रता कशी ओळखावी?

पत्त्यांच्या ५२ पानांच्या कॅटमध्ये चार एक्के असतात. एक पान ओढले, पाहून परत ठेवले, पाने नीट पिसली आणि पुन्हा एक पान ओढले, तर दोन्ही वेळा एक्का येण्याची संभाव्यता ४/५२ × ४/५२ = १/१६९. पहिले पान परत ठेवले नाही, तर मात्र दुसऱ्या खेपेला ५१ पाने उरतात आणि पहिला एक्का आला असल्यास त्यांत एक्के तीनच असतात. आता उत्तर ४/५२ × ३/५१ = १/२२१. पाने तीच, ओढणारा हात तोच. फक्त पान परत न ठेवल्यामुळे दुसरी घटना पहिलीवर अवलंबून झाली. अशा वेळी गुणाकार टळत नाही, पण दुसरा अपूर्णांक ‘पहिली घटना घडली आहे’ हे धरून काढावा लागतो. त्याला सशर्त संभाव्यता म्हणतात.

दोन घटना वेगवेगळ्या वस्तूंशी संबंधित असल्या तरच त्या स्वतंत्र असतात, असेही नाही. एकच फासा एकदाच टाकला आहे असे समजू. ‘सम अंक पडणे’ याची संभाव्यता १/२ आणि ‘१ किंवा २ पडणे’ याची १/३. दोन्ही एकदम घडायला २ हाच अंक पडायला हवा, त्याची संभाव्यता १/६. आणि १/२ × १/३ म्हणजेही १/६. या घटना एकाच फाशाच्या, तरी स्वतंत्र आहेत. आता दुसरी घटना ‘१, २ किंवा ३ पडणे’ अशी घेतली, तर तिची संभाव्यता १/२. गुणाकार येतो १/४, पण दोन्ही घटना घडवणारा अंक अजूनही एकटा २, म्हणजे १/६. या घटना स्वतंत्र नाहीत. अखेरचा निर्णय आकडेच देतात.

‘स्वतंत्र’ आणि ‘परस्पर अपवर्जक’ यांत विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. परस्पर अपवर्जक घटना म्हणजे एकत्र घडूच न शकणाऱ्या घटना, जसे एकाच फेकीत छापा आणि काटा. छापा पडला की काट्याची संभाव्यता शून्यावर येते. एका घटनेने दुसरीवर याहून मोठा परिणाम काय करायचा? म्हणून संभाव्यता शून्य नसलेल्या दोन परस्पर अपवर्जक घटना कधीही स्वतंत्र नसतात.

तीन घटनांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. दोन नाणी उडवली. ‘पहिल्यावर छापा’, ‘दुसऱ्यावर छापा’ आणि ‘दोन्हींवर सारखेच’ अशा तीन घटना घेतल्या. प्रत्येकीची संभाव्यता १/२ आणि कोणत्याही दोघी परस्परांपासून स्वतंत्र. पण पहिल्या दोन घडल्या की तिसरी घडणारच. त्यामुळे तिन्ही घडण्याची संभाव्यता १/८ नसून १/४ आहे. या प्रकारचे उदाहरण रशियन गणिती सेर्गेय बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखले जाते. जोडीजोडीने स्वतंत्र असलेल्या घटना सगळ्या मिळून स्वतंत्र असतीलच, असे नाही.

‘निदान एकदा’ काढण्याची युक्ती

ल्युडोत सोंगटी घराबाहेर काढायला सहा पडावा लागतो. पहिल्या तीन डावांत निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? १/६ तीनदा मिळवून १/२ असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते चूक आहे, कारण तीच रीत पुढे नेली तर सहा डावांत सहा पडणे अटळ ठरेल, आणि तसे होत नाही हे प्रत्येक खेळणाऱ्याने अनुभवलेले असते. योग्य वाट उलट बाजूने जाते. एका डावात सहा न पडण्याची संभाव्यता ५/६, तिन्ही डावांत न पडण्याची ५/६ × ५/६ × ५/६ = १२५/२१६. उरलेली ९१/२१६, म्हणजे सुमारे ४२ टक्के, ही निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता. दहा डाव होऊनही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघांच्या खेळात एखाद्याची सोंगटी बराच वेळ घरातच अडकून पडते ती यामुळे.

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये याच हिशेबाने इतिहास घडवला. शव्हालिए द मेरे या नावाने ओळखले जाणारे आंत्वान गोंबो यांना एक कोडे पडले होते. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पाडण्याची पैज फायद्याची असते. दोन फाशांवर जोडीने सहा-सहा पडण्याची शक्यता एका फाशावर सहा पडण्याच्या शक्यतेच्या सहाव्या हिश्शाइतकी, म्हणून चारऐवजी सहापट, म्हणजे २४ फेकी घेतल्या तर पैज तितकीच फायद्याची राहायला हवी, असा तेव्हाच्या जुगाऱ्यांचा अंदाज होता. हा प्रश्न ब्लेझ पास्काल यांच्यापर्यंत गेला आणि १६५४ साली पिएर द फर्मा यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात आला. संभाव्यताशास्त्राची सुरुवात सहसा याच पत्रांपासून मानली जाते.

हिशेब असा: चार फेकींत एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता (५/६) चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. म्हणून निदान एकदा पडण्याची ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. दोन फाशांच्या २४ फेकींसाठी (३५/३६) चा २४वा घात काढावा लागतो. निदान एकदा सहा-सहा पडण्याची संभाव्यता येते सुमारे ४९.१ टक्के. पहिली पैज जिंकणारी, दुसरी हरणारी. एक फेक वाढवून २५ केल्या की संभाव्यता सुमारे ५०.६ टक्क्यांवर जाते. त्रैराशिकाने हे उत्तर मिळत नाही, कारण संभाव्यता फेकींच्या संख्येबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही.

फाशाला मागचे आठवत नाही

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडली. तिथल्या चाकावर १८ काळी, १८ लाल आणि एक शून्याचे अशी ३७ घरे असतात. काळ्याची रांग लांबत गेली तसे लोक लालवर अधिकाधिक पैसे लावू लागले: इतक्या वेळा काळे आले, आता लाल यायलाच हवे. त्यात मोठ्या रकमा बुडाल्या. २६ वेळा सलग काळे येण्याची संभाव्यता खरोखरच नगण्य आहे, सुमारे १३.७ कोटींत एक. पण पंचवीस वेळा काळे येऊन गेल्यावर सव्विसाव्या वेळी काळे येण्याची संभाव्यता पहिल्या वेळेइतकीच, १८/३७ असते. दुर्मीळ भाग आधीच घडून गेलेला असतो.

या गैरसमजाला जुगाऱ्याचा तर्कदोष म्हणतात. दहा वेळा नाणे उडवल्यावर सगळे छापे येणे अशक्यप्राय वाटते आणि छापे-काट्यांची सरमिसळ स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात आधीच लिहून ठेवलेला कोणताही एक विशिष्ट क्रम तेवढाच दुर्मीळ, १/१०२४. फरक एवढाच की पाच छापे आणि पाच काटे असलेले क्रम २५२ आहेत आणि सर्व छापे असलेला क्रम एकच.

जुगाराबाहेर हा तर्कदोष कुटुंबांना फार महागात पडू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया आणि नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’ असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी म्हणजे ‘एसएस’ असण्याची संभाव्यता १/४, वाहक असण्याची १/२ आणि पूर्ण निरोगी असण्याची १/४ असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे ‘चारातले एक होऊन गेले’, पुढची तीन सुखरूप, असा समज होऊ शकतो. तो साफ चुकीचा आहे. प्रत्येक गर्भधारणेत जनुकांची वाटणी नव्याने होते. दुसऱ्या मुलासाठीही धोका १/४ च असतो, आणि पहिले मूल निरोगी असले तरीही १/४ च.

आकडे असे आहेत. दोन मुलांपैकी एकही आजारी नसण्याची संभाव्यता ३/४ × ३/४ = ९/१६; म्हणून निदान एक आजारी असण्याची ७/१६, जवळपास ४४ टक्के. चार मुले असतील तर ‘बरोबर एकच आजारी’ असण्याची संभाव्यता २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के, आणि एकही आजारी नसण्याची ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. ‘चारात एक’ हे प्रत्येक घराचे वेळापत्रक नव्हे. लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घेणे म्हणूनच मोलाचे आहे. इथेही स्वतंत्रतेला एक अपवाद आहे: एकाच फलित बीजांडापासून झालेल्या एकसारख्या जुळ्यांची जनुके तीच असल्याने एक आजारी असेल तर दुसरेही असते. तिथे १/४ × १/४ हा हिशेब लागू होत नाही.

मेंडेल यांचे वाटाणे

स्वतंत्रतेचा निसर्गातला सर्वांत प्रसिद्ध दाखला ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यांत आहे. ब्रुन, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठात केलेल्या प्रयोगांवरचा त्यांचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या दाण्यांच्या झाडांचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत त्यांना ५५६ दाणे मिळाले: ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे.

दाणा गोल असण्याची संभाव्यता ३/४, पिवळा असण्याचीही ३/४. आकार आणि रंग स्वतंत्र असतील तर दोन्ही असण्याची ९/१६, फक्त एक गुण असण्याची प्रत्येकी ३/१६ आणि दोन्ही नसण्याची १/१६. ५५६ दाण्यांना हे प्रमाण लावले तर अपेक्षित आकडे ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५ असे येतात. प्रत्यक्ष मोजणी त्यांच्या अगदी जवळ आहे. म्हणजे इथे गुणाकार आधी गृहीत धरलेला नाही. मोजणीने तो खरा ठरला.

मात्र सगळे गुण असे वागत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वीट पीच्या झाडात फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार बहुतेकदा जोडीनेच पुढच्या पिढीत जाताना दिसले. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके एकत्र प्रवास करतात, हे त्याचे कारण टॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाशीवरील कामातून पुढे स्पष्ट झाले. गुणाकार चुकला तिथेच आनुवंशशास्त्राला जनुकांच्या जागा शोधण्याचे साधन मिळाले.

न्यायालयातला चुकीचा गुणाकार

१९६४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका वृद्ध महिलेची पर्स हिसकावली गेली. साक्षीदारांनी सांगितलेल्या वर्णनाशी जुळणाऱ्या एका जोडप्यावर खटला भरला गेला. सरकारी वकिलाने प्रत्येक वर्णनाला एक संभाव्यता दिली: पिवळी मोटार १/१०, मिशीवाला पुरुष १/४, पोनीटेल बांधलेली तरुणी १/१०, सोनेरी केस १/३, दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष १/१०, मोटारीतले आंतरवंशीय जोडपे १/१०००. सगळ्यांचा गुणाकार करून ‘असे दुसरे जोडपे असण्याची शक्यता १ कोटी २० लाखांत एक’ असे ज्यूरीपुढे मांडले आणि दोषसिद्धी झाली.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती रद्द केली. मूळ आकड्यांना पुरावा नव्हता. दाढी आणि मिशी या स्वतंत्र बाबी नव्हेत, कारण दाढी राखणाऱ्या बहुतेकांना मिशीही असते. कृष्णवर्णीय पुरुष आणि सोनेरी केसांची तरुणी मोजून झाल्यावर आंतरवंशीय जोडपे पुन्हा मोजणे म्हणजे तीच गोष्ट दोनदा धरणे. शिवाय न्यायालयाने दाखवून दिले की तो आकडा खरा मानला, तरी त्या परिसरात तशाच वर्णनाचे दुसरे जोडपे असण्याची संभाव्यता ४० टक्क्यांहून अधिक निघू शकते.

इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटला याहून दुःखद ठरला. त्यांची दोन तान्ही बाळे १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. खुनाच्या आरोपाखालील खटल्यात एका बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा कुटुंबात बाळाचा झोपेत अचानक, कारणाविना मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक आहे. तिचा वर्ग करून दोन मृत्यूंसाठी ७.३ कोटींत एक. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पण एकाच घरातील दोन भावंडांची जनुके, घर आणि परिस्थिती सामायिक असते. एक मृत्यू घडलेल्या कुटुंबात दुसऱ्याचा धोका वाढलेला असू शकतो. त्या मृत्यूंना स्वतंत्र मानायला आधारच नव्हता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीरपणे हेच सांगितले. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म होती: ‘निरपराध असल्यास असे घडण्याची संभाव्यता’ म्हणजे ‘निरपराध असण्याची संभाव्यता’ नव्हे. आईने दोन बाळांचा खून करणेही अतिशय दुर्मीळ असते, आणि तुलना या दोन दुर्मीळ शक्यतांमध्ये व्हायला हवी होती. दुसऱ्या बाळाच्या जिवाणू-तपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हे उघड झाल्यावर जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. सॅली क्लार्क यांचे २००७ मध्ये निधन झाले.

सामायिक कारणाचा धोका

यंत्रांची सुरक्षितताही बरीचशी गुणाकारावर उभी असते. चार इंजिनांच्या विमानाचे एखादे इंजिन उड्डाणात बंद पडण्याची संभाव्यता समजा दहा हजारात एक आहे. चारही इंजिने स्वतंत्रपणे बंद पडणार असतील, तर सगळी एकदम थांबण्याची संभाव्यता एकावर सोळा शून्यांत एक, म्हणजे विचारातही न घेण्याजोगी. पण २४ जून १९८२ रोजी २६३ जणांना घेऊन जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ विमानाची चारही इंजिने जावा बेटाजवळ एकामागून एक बंद पडली. गालुंगुंग ज्वालामुखीची राख चौघांतही एकाच वेळी गेली होती. राखेच्या ढगाखाली उतरल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जाकार्तात सुखरूप उतरले.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रात भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा राखीव डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने त्यांतली बहुतेक निकामी केली, कारण अनेक जनित्रे आणि विजेची उपकरणे तळघरांत होती. एकाच कारणाने अनेक राखीव व्यवस्था मोडतात, तेव्हा त्यांची संख्या वाढवून सुरक्षा वाढत नाही. त्यांची जागा, रचना आणि ऊर्जास्रोत वेगळे करावे लागतात.

महाराष्ट्रातला पाऊसही याच कारणाने गुणाकाराला दाद देत नाही. एखाद्या गावी पावसाळ्यात दर दोन दिवसांतला एक दिवस कोरडा जातो असे मानले, तर स्वतंत्रतेच्या हिशेबाने सलग आठवडा कोरडा जाण्याची संभाव्यता १/१२८ येईल. पण पाऊस झड धरून येतो आणि मोठी उघडीप देतो. आजच्या पावसामागची हवेची स्थिती बहुधा उद्याही टिकते. त्यामुळे सलग कोरड्या आठवड्याचा धोका या आकड्यापेक्षा बराच मोठा असतो. पेरणीनंतरच्या खंडाचा अंदाज बांधताना गुणाकारावर विसंबले, तर दुबार पेरणीचे संकट प्रत्यक्षाहून दुर्मीळ वाटेल.

गुणाकार करण्यापूर्वी

घटना स्वतंत्र आहेत की नाहीत, हे तीन प्रकारे ठरते. पहिला, घटनेमागची यंत्रणा पाहणे: फाशाच्या मागच्या फेकीचा पुढच्या फेकीवर परिणाम होण्याचा मार्गच नसतो, पत्त्याचे पान परत न ठेवल्यास तो असतो. दुसरा, मोजणी: दोन्ही घटना एकत्र किती वेळा घडल्या ते मोजून गुणाकाराच्या उत्तराशी ताडून पाहणे. फरक केवळ योगायोगाचा आहे की खरा, हे ठरवण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग चाचणी आजही वापरतात. तिसरा, प्रयोगाची आखणी: औषधांच्या चाचण्यांत रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीने करतात, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जातो हे त्याच्या वयाशी किंवा प्रकृतीशी बांधलेले राहत नाही.

यांपैकी एकही आधार नसेल, तर गुणाकार करू नये. अवलंबित्व किती आहे ते ठाऊक असेल तर सशर्त संभाव्यता वापरावी. तेही ठाऊक नसेल, तर दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांतल्या लहान संभाव्यतेहून जास्त असू शकत नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. कोटींत एक असा धक्कादायक आकडा समोर आला की तो कशाकशाचा गुणाकार आहे आणि त्या बाबी स्वतंत्र असल्याचा पुरावा कोणता, हे दोन प्रश्न न्यायाधीशाने, डॉक्टरने, अभियंत्याने आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या नागरिकानेही विचारायला हवेत.